वाडीत मुक्काम

कोकणात फिरायला निघालेल्या माणसाला मी एकच सल्ला देतो. ठिकाणं निम्मी करा आणि रात्री दुप्पट करा. हा सल्ला सहसा कुणी ऐकत नाही. शुक्रवारी रात्री गाडी काढायची, शनिवारी अलिबाग, काशीद, जंजिरा, रविवारी दिवेआगर, हरिहरेश्वर, आणि सोमवारी पुन्हा कामावर, असा साधारण बेत असतो. परतल्यावर विचारलं की कसं होतं, तर उत्तर येतं, "मस्त, पण फार गर्दी." गर्दी आपणच होतो, हे त्यात येत नाही.

मी सोलापूरकडचा. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दरवर्षी परीक्षेच्या तयारीत 'समुद्रकिनारी एक तास' हा निबंध लिहून घेतो. ज्यांनी उजनीच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नाही अशी चाळीस मुलं मला लिहून देतात की थंडगार वारा वाहत होता आणि सूर्य सोन्याच्या थाळीसारखा बुडत होता. गुण द्यावे लागतात, कारण शुद्धलेखन बरोबर असतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र अम्मी, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन आठ रात्री किनाऱ्यावर राहिलो. तीन मुक्काम केले: रेवदंडा, श्रीवर्धन आणि हर्णैजवळचं एक छोटं गाव. यष्टी, जेटी, सहा आसनी रिक्षा आणि पाय, एवढीच वाहनं. खर्च किती झाला असं स्टाफरूममध्ये विचारलं गेलं. आपल्याकडे एका लग्नातल्या आहेराला आणि कपड्यांना जेवढा होतो त्यापेक्षा कमी झाला. पण लग्नाच्या खर्चाचा हिशोब कुणी विचारत नाही, फिरण्याचा विचारतात. आमच्या समाजात प्रवासाला कारण लागतं: लग्न, मय्यत, उरूस, हज-उमरा. नुसतं बघायला जाणं म्हणजे चैन. आणि बाईमाणसाने तर कशाला जायचं? अम्मीचं वय बहात्तर. हजला जाऊन आली आहे, म्हणजे तिने अरबी समुद्र विमानातून ओलांडला होता. त्यात पाय पहिल्यांदा बुडवला तो रेवदंड्याला.

रेवदंडा हे सावकाश फिरणाऱ्याचंच गाव आहे. पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत गाव वसलंय आणि तटबंदीला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. गाडीतून गेलात तर दोन कमानी दिसतात आणि संपतं. चालत गेलात तर पडक्या चर्चच्या भिंतीपाशी वाळत घातलेली सुपारी दिसते, कुणाच्या तरी अंगणात झाप विणणारी म्हातारी दिसते. अलिबागपासून इथवरचं अंतर जेमतेम १७-१८ किलोमीटर. या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. 'आगर' हा शब्द मला फार आवडतो. नारळी-पोफळीच्या बागेला आगर आणि मीठ पिकवतात त्या जागेलाही आगर. एकाच शब्दात गोडं पाणी आणि खारं पाणी दोन्ही.

मराठीच्या शिक्षकाला या रस्त्यावर घाई करताच येत नाही. वाटेत आक्षी लागतं. तिथल्या शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ मानतात. तारखेबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी तो आहे याबद्दल नाही. हा दगड वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उभा होता. पुढे चौल. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला. तो ज्या सैमूरबद्दल लिहितो ते हेच चौल, असं मानलं जातं. तेव्हाही इथे मुसलमानांची मोठी वस्ती होती आणि इथेच जन्मलेल्या मुसलमानांना वेगळं नाव होतं, हे तो नोंदवतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथेच उतरला आणि पुढे जुन्नरवरून बिदरला गेला. रेवदंड्यात बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. खाडी ओलांडली की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली अजून बोलली जाते. हे सगळं अर्ध्या दिवसाच्या अंतरात आहे. माझ्या मुलीने विचारलं, "अब्बू, मग मराठी नक्की कुणाची?" मी म्हटलं, आधी शहाळं पी.

पण मला लिहायचंय ते वाडीबद्दल.

रेवदंड्यात ज्यांच्याकडे उतरलो त्यांची वाडी घराच्या मागे होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, मध्ये सुरूचं बन. फजरनंतर मी मागच्या पडवीत बसायचो. वाडीला मजले असतात हे तिथे बसल्यावर कळतं. सगळ्यात वर नारळ. त्याच्या सावलीत पोफळी, कारण पोफळीला कोवळ्या वयात थेट ऊन सोसत नाही. पोफळीच्या बुंध्यावर मिरीचे वेल. त्याखाली जायफळ, केळ, कुठे दालचिनी, आणि जमिनीलगत अळू आणि अननस. कोकण कृषी विद्यापीठाने अशाच मिश्र लागवडीला 'लाखी बाग' असं नाव देऊन तिचा प्रसार केला. नावातला लाख रुपयांचा हिशोब विद्यापीठाचा, पण मजल्यांची ही युक्ती जुनी आहे.

आणि विहीर. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोडं कसं, असा प्रश्न माझ्या मुलाने विचारला. हा प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता, कारण निबंधात विहीर नसते. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वर तरंगून राहतं. तेवढाच गोड्या पाण्याचा थर विहिरीत येतो. जितकं मुरतं तितकंच काढलं तर विहीर वर्षानुवर्षं गोडी राहते. जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर सरकतं. पूर्वी रहाट होता. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, पोहरे भरून यायचे, पाटाने पाणी एकेका आळ्यात जायचं. रहाटाने विहीर उपसून संपत नाही, जनावर आधी थकतं. आता पंप आहे. पंप थकत नाही. वाडीवाले काका हे सगळं अगदी सहज सांगत होते, जसं आपण गॅस सिलिंडर कधी संपतो ते सांगतो.

मग त्यांनी दुसरा हिशोब सांगितला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन ते खाली दापोली-मंडणगडपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. कोविडची टाळेबंदी नुकती सैल होत होती, माणसं घरी होती, आणि वीज कितीतरी दिवस नव्हती. पोफळीचं झाड वाऱ्यात मोडतं तेव्हा काडीसारखं मधोमध तुटतं आणि शेजारच्या दोघांना घेऊन पडतं. नुकसानभरपाई मिळाली, पण भरपाई एकदाच मिळते आणि झाड दरवर्षी देतं. नवीन पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं, बाणवली नारळालाही तेवढीच किंवा जास्त. तोपर्यंत घर कशावर चालवायचं? त्याच जागेत चार खोल्या बांधल्या तर पुढच्या डिसेंबरपासून भाडं सुरू. "झाडाला सात वर्षं, खोलीला सात महिने. तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच गणित करा," असं ते म्हणाले. त्यांनी स्वतः पुन्हा झाडंच लावली होती आणि जुन्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या होत्या. शेजारच्या वाडीत मात्र निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव होता. समुद्रापासून पाच मिनिटांवर. तो तलाव कोणत्या पाण्याने भरत असणार हे मी विचारलं नाही, कारण विहिरीची गोष्ट आधीच ऐकली होती.

माझं म्हणणं इथे आहे. आपण किनाऱ्यावर बाग बघायला जातो आणि आपल्या झोपण्यासाठी बाग तोडली जाते. यात वाडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. कोकणातल्या माणसाने झाडं सांभाळत गरीब राहावं आणि शहरातल्याने येऊन फोटो काढावेत, ही मागणी मला अश्लील वाटते. प्रश्न पाहुणा कशासाठी पैसे मोजतो हा आहे. एका रात्रीसाठी आलेल्याला वाडीशी देणंघेणं नसतं. त्याला एसी, तलाव, मोठ्या आवाजातलं संगीत आणि पार्किंग लागतं, कारण त्याच्याकडे दुसरं काही बघायला वेळच नाही. जो चार रात्री राहतो त्याला दुसऱ्या दिवशी तलावाचा कंटाळा येतो. मग तो नारळ कसा पाडतात ते बघतो, सुपारी किती दिवस वाळवतात ते विचारतो, ओली सुपारी, कोकम, मिरी विकत घेऊन जातो. त्याचे पैसे झाडाला पोचतात. हे होऊ शकतं याचं उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला समुद्री कासवांची अंडी पूर्वी सर्रास चोरली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाबरोबर काम केलं आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांतच राहतात, घरचं जेवतात. कासव राहिलं तर पाहुणा येणार हे गावाला माहीत आहे. वाडीच्या बाबतीत हेच गणित बसायला पाहिजे. ते बसवणं पाहुण्याच्या हातात बऱ्यापैकी आहे.

आता एक गोष्ट जी सांगितली नाही तर हा लेख खोटा होईल. खोली ठरवताना मी नऊ ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी खोली रिकामी होती, माझं नाव ऐकल्यावर ती भरली. एकाने निदान "आमच्याकडे शुद्ध शाकाहारीच असतं" असं तरी सांगितलं. मी म्हणालो की आम्हाला शाकाहारी चालेल, तेव्हा खोली तिथेही भरली. बाकी सात जणांनी नाव ऐकून फक्त किती माणसं आणि मासे खाता का एवढंच विचारलं. नवात दोन हा आकडा मला सांगावासा वाटतो, कारण काही वाचक म्हणतील असं कुठेच होत नाही आणि काही म्हणतील सगळीकडे तसंच होतं. दोघांनीही फोन करून बघावा.

रेवदंड्याहून मुरुडकडे जाताना जंजिरा लागतोच. राजपुरीच्या धक्क्यावर तासभर रांग, शिडाच्या होडीतून किल्ला, आणि आत घाईघाईत ऐकलेली माहिती. सिद्दींचा हा किल्ला, कलालबांगडी तोफ, चहूबाजूंनी खारं पाणी असून आतले गोड्या पाण्याचे तलाव, हे सगळं खरंच थक्क करणारं आहे. पण होडीवाला परत बोलावतो तेव्हा आपण अजून दरवाजावरच्या शिल्पापाशीच असतो. मला त्याहून जास्त आवडलं ते राजपुरीजवळचं खोकरी. सिद्दींच्या कबरींचे दगडी घुमट. तिथे त्या दुपारी आम्ही पाच जण आणि दोन शेळ्या. अम्मीने फातेहा वाचली, मुलांनी दगडावरची नक्षी वहीत उतरवली. कुणी घड्याळ दाखवलं नाही.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, यावरून आला हे पुष्कळांना माहीत असतं. पण किनाऱ्यावर तीन दिवस कान उघडे ठेवले की कळतं, असे शब्द किल्ल्यात नाहीत, तोंडात आहेत. बंदर फारसी. खलाशी अरबी. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात कोळी, भंडारी, मुसलमान सगळे हेच शब्द वापरतात आणि कुणाला ते आपले-परके वाटत नाहीत. मी वर्गात 'परभाषेतून आलेले शब्द' हा धडा शिकवतो तेव्हा फळ्यावर दोन रकाने करतो. हर्णैला मासळीच्या टोपल्यांमध्ये ते रकाने करून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही.

श्रीवर्धनला आम्ही एका कोकणी मुसलमान घरात राहिलो. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ याच गावचे, आणि तेव्हा गाव सिद्दीच्या अमलात. इथली रोठा सुपारी नावाजलेली, इथे सुपारीचं संशोधन केंद्रही आहे. घरातल्या भाभी आणि अम्मी पहिल्या संध्याकाळी एकमेकींशी उर्दूत बोलत होत्या, जपून, पाहुण्यासारख्या. अम्मीची खरी भाषा दखनी, भाभींची कोकणी. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सांदण करताना दोघी चक्क मराठीत बोलायला लागल्या. भाषा ठरवून बदलली नाही, वाफेचं भांडं उतरवताना पटकन जी आली ती आली. आमच्या भागात उर्दूचे काही कैवारी मला सांगतात की मराठी ही नोकरीची भाषा, घरात नको. आणि मराठीचे काही कैवारी विचारतात, तुम्ही एवढं चांगलं मराठी कसं बोलता? दोघांनाही मी त्या स्वयंपाकघरात एक सकाळ बसवलं असतं. पण हे ऐकायला दुसरी सकाळ यावी लागते. पहिल्या दिवशी पाहुणचाराचीच भाषा असते.

श्रीवर्धनहून दक्षिणेला जायचं तर बागमांडल्याला जेटी. गाड्या, माणसं, दुचाक्या, बर्फाच्या पेट्या सगळं एका सपाट बोटीवर चढतं आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरतं. आगरदांडा ते दिघी आम्ही असंच आलो होतो. पुढे दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, तीच रीत. पर्यटकांच्या गाड्यांतून हॉर्न वाजत होते, बोट पाण्याच्या मध्यावर असताना सुद्धा. आता रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं आणि खाड्यांवरच्या पुलांचं काम हाती घेतलं गेलंय. या रस्त्याची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, १९८०-८२ मधली. ते याच मुलखातले, आंबेतचे. चाळीस वर्षं लोकांनी वाट बघितली. मला जेटी आवडते म्हणून पूल नकोत असं मी म्हणणार नाही. बोटीवर एक बाई आजारी सासऱ्यांना तपासायला घेऊन निघाल्या होत्या. शेवटची बोट चुकली तर लांबचा वळसा, किंवा रात्र अलीकडेच. त्यांना माझ्या सावकाश प्रवासाचं कौतुक सांगणं म्हणजे निर्लज्जपणा झाला असता. पूल व्हायलाच हवेत, त्यांच्यासाठी. फक्त पूल झाल्यावर मुंबई-पुण्याची गाडी आणखी वेगाने आणखी चार गावं 'करून' जाईल आणि वाडीवाल्याचं सात वर्षं विरुद्ध सात महिने हे गणित आणखी वाकडं होईल, याचा विचार रस्ता बांधणाऱ्यांनी नाही केला तर ग्रामपंचायतींनी तरी करावा. एका विहिरीवर किती खोल्या, हा नियम ग्रामसभेत ठरू शकतो. तलावाला विहिरीचं पाणी नाही, हाही. काही गावं किनाऱ्यावर गाड्या आणण्याला बंदी करतात आणि ती पाळून घेतात, तेव्हा पाण्याचंही जमेल.

ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. दिवाळीचा पहिला आठवडा आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळा. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी बरा. सुपारी उतरवण्याचा आणि वाळवण्याचा हंगामही तेव्हाच असतो, अंगणं केशरी झालेली असतात. वेळासची कासवं बघायची तर उन्हाळ्याच्या तोंडावर. यष्टीच्या वेळा स्टँडवर विचारा, मोबाइलवर दिसतात त्या खऱ्या असतीलच असं नाही. केळशीला उतरलात तर एका दिवसात महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि वाळूची टेकडी तिन्ही चालत होतात. शिवाजी महाराजांनी या दर्ग्याला इनाम दिलं होतं. अम्मीला तिथे जायचं होतंच, तेवढं एक 'कारण' तिने सोलापुरातून बरोबर आणलं होतं. घरगुती मुक्कामात जेवण सांगताना आदल्या रात्री सांगा, मासळी सकाळी येते. आणि घासाघीस करू नका. मॉलमध्ये जी माणसं किमतीकडे बघत नाहीत ती शहाळ्याच्या दहा रुपयांवर कशी अडून बसतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सुट्टीनंतर मी तोच निबंध पुन्हा दिला, विषय मात्र बदलून: 'समुद्राजवळची विहीर'. आधी वर्गात पडवीतली गोष्ट सांगितली, विहिरीची आणि रहाटाची. एका मुलाने लिहिलं की त्यांच्या गल्लीतल्या बोअरचं पाणीही आता खारट लागतं, आणि सोलापूरला तर समुद्र नाही, मग खाली काय आहे? त्याच्या वहीवर अजून गुण लिहायचे राहिलेत. भूगोलाच्या सरांना विचारून मग देणार आहे.